आभाळाला दोष देण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वर्षभरापूर्वी आम्ही गावापासून लांब, शेतावरच्या घरात राहायला आलो. मी घरून हिशेबाचं काम करते. पाच-सहा व्यावसायिकांचे हिशेब माझ्याकडे असतात आणि रोज संध्याकाळी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलावं लागतं. सासऱ्यांना डॉक्टरही अधूनमधून व्हिडिओवरच भेटतात. इथवर केबल येत नाही आणि मोबाईलची रेंज फक्त गच्चीवर कशीबशी मिळते, म्हणून आम्ही उपग्रहाचं इंटरनेट घेतलं (खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं). पहिले काही महिने ते छान चाललं. मग माझी हार्ड डिस्क कटकट आवाज करत बंद पडली आणि मुलीचे लहानपणचे बरेच फोटो तिच्याबरोबर गेले. शहरात राहणाऱ्या दिरांनी लगेच दोन्ही संगणकांवर आणि फोनवर क्लाउड बॅकअप बसवून दिलं. एकूण माल ४०० जीबीच्या आसपास आहे. त्याच सुमारास घरापासून ६० मीटरवरच्या शेडमध्ये दोन कॅमेरेही लावले. आता कॉल सारखे तुटतात, संध्याकाळी जास्तच आणि पाऊस नसतानाही. लाईट गेली की आणखी खोळंबा होतो. स्पीड टेस्ट केली तर डाऊनलोड १२० एमबीपीएस आणि अपलोड ८ एमबीपीएस दिसतो. दीर म्हणतात, मोठा मेश संच (घरभर वायफाय पसरवणारे अनेक डबे) घ्या आणि उपग्रहाचं दुसरं कनेक्शनही घ्या. ह्यांचं म्हणणं, आभाळातल्या इंटरनेटवर संसार चालत नाही, शहरात परत जाऊ. मला इथंच राहायचंय. काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी आहेत, पण त्यांचा संबंध घरात कुणी लावलेला दिसत नाही. बॅकअप आणि कॅमेरे डिस्क गेल्यानंतर बसले. कॉल तुटायला लागले तेही त्यानंतरच. त्याआधी तीच डिश, तोच राउटर, तेच घर आणि तेच आभाळ होतं, आणि सगळं छान चाललं होतं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून मेश संच, दुसरं कनेक्शन आणि घर बदलणं हे तिन्ही विषय थोडे दिवस बाजूला ठेवूया.

डाऊनलोड १२० दिसतो म्हणून लाईन चांगली आहे असं सगळे धरून चालतात. व्हिडिओ कॉलला मात्र तुमचा चेहरा आणि आवाज वर पाठवावा लागतो, आणि त्यासाठी तुमच्याकडे ८ एमबीपीएस आहेत. एका व्हिडिओ कॉलला साधारण १ ते ३ एमबीपीएस अपलोड लागतो, म्हणजे एरवी ८ पुरेसे आहेत. पण शेडमधले दोन कॅमेरे जर चित्रीकरण सतत क्लाउडवर पाठवत असतील, तर प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तरी निम्मा अपलोड तिथेच गेला. उरलेला निम्मा दोन संगणक आणि घरातले सगळे फोन मिळून फोटो पाठवण्यात संपवतायत. संध्याकाळी सगळे घरी येतात, फोन वायफायला जोडले जातात, दिवसभराचे फोटो वर जायला लागतात आणि नेमकी तीच तुमची कॉलची वेळ असते. त्याच वेळेला आसपासच्या परिसरातले इतर ग्राहकही त्याच उपग्रहांवर असतात, तो भाग वेगळा.

अपलोड भरला की वेग कमी होण्यापेक्षा वाईट गोष्ट घडते. राउटरमध्ये आणि डिशमध्ये पाकिटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते. तुमच्या आवाजाची लहानशी पाकिटं फोटोंच्या मोठ्या रांगेमागे उभी राहतात, आणि ती पोचेपर्यंत कॉलचं सॉफ्टवेअर त्यांना हरवलेली समजून पुढे निघून जातं. तुमच्यापुरतं कॉल तुटणं ते हेच.

ही माझी शंका आहे, निदान नाही. ती खरी की खोटी हे तुम्हीच एका संध्याकाळी ठरवू शकता. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. पिंग ही आज्ञा एक छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते. एकीत तुमच्या राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग चालू करा (बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर सापडेल). दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर. विंडोजवर आधी ping, मग पत्ता आणि पत्त्यानंतर मोकळी जागा सोडून उणे चिन्ह आणि टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. आता कॉल लावा आणि आकडे बघा. पहिल्या खिडकीतले आकडे उड्या मारत असतील तर गडबड घरात आहे, म्हणजे वायफायमध्ये. पहिल्या खिडकीत १ ते ५ मिलिसेकंद शांतपणे येतायत आणि दुसरीत आकडा ४० वरून ५०० वर किंवा हजारावर जातोय, तर गडबड राउटरच्या पलीकडची आहे. मग बॅकअप थांबवा, कॅमेऱ्यांचे प्लग काढा आणि तोच कॉल पुन्हा लावा. दुसऱ्या खिडकीतला आकडा जागेवर आला, तर चोर सापडला.

सगळं बंद करूनही बाहेरचं पिंग अधूनमधून काही सेकंद पूर्ण गायब होत असेल, तर डिशकडे वळा. खालच्या कक्षेतले उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून झपाट्याने सरकत असतात. डिश सतत एकावरून दुसऱ्यावर उडी मारते, म्हणून तिला मोकळ्या आभाळाचा मोठा तुकडा लागतो. आभाळाच्या त्या भागात एखाद्या झाडाचा शेंडा आला, तर उपग्रह त्याच्यामागे जातो तेवढी सेकंदं कनेक्शन तुटतं. व्हिडिओ बघताना हे कळतही नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. कॉलमध्ये मात्र लगेच कळतं. बहुतेक डिशच्या ॲपमध्ये अडथळ्यांचा नकाशा असतो, तो बघा. वर्षभरात झाड वाढलं असेल, पालवी दाट झाली असेल, आणि ओलं पान कोरड्या पानापेक्षा जास्त आडवं येतं. अशा वेळी एक उंच, घट्ट बसवलेला खांब तुमच्या दिरांनी सुचवलेल्या सगळ्या सामानापेक्षा उपयोगी पडेल. पावसाचं म्हणाल, तर मुसळधार सरीत लाईन काही मिनिटं जाऊ शकते, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात. पण कोरड्या संध्याकाळी तुटणाऱ्या कॉलचं खापर पावसावर फोडता येत नाही.

तुमच्या ह्यांच्या अविश्वासाबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण तो अगदीच निराधार नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुमचा प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार, म्हणजे एका फेरीत १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला अर्धा सेकंद लागतो, आणि प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. त्या लाईनवर दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत राहतात, हे खरंच आहे. तुमची लाईन त्या जातीची नाही. खालच्या कक्षेच्या लाईनवर ही फेरी साधारण २५ ते ६० मिलिसेकंदांत होते. ज्यांच्याकडे आजही वरच्या कक्षेचं कनेक्शन आहे त्यांनी मात्र व्हिडिओ कॉलचा आग्रह सोडून आवाजाच्या कॉलवर समाधान मानावं. तिथली दिरंगाई कोणत्याही राउटरने कमी होणार नाही.

आता चोर अपलोडच निघाला असं धरून पुढे लिहिते. कॅमेऱ्यांपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला किंवा शेडमध्येच छोटा रेकॉर्डर ठेवा, चित्रीकरण तिथल्या तिथे साठू द्या, आणि हालचाल दिसली तरच सूचना बाहेर जाऊ द्या. बाहेरगावाहून कॅमेरा बघायला राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडा असं कुणी सुचवलं तर त्यात वेळ घालवू नका. उपग्रहाच्या बहुतेक घरगुती कनेक्शनांवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून थेट दार उघडतच नाही. टेलस्केलसारखं खासगी जोडणी करून देणारं साधन घरातल्या एका यंत्रावर आणि तुमच्या फोनवर बसवलं की आतून बाहेर जाणारी वाट तयार होते आणि काम भागतं.

शेडपर्यंतच्या ६० मीटरसाठी तुम्ही काय टाकलंय ते पत्रात नाही. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून लोक ती सरळ दोन इमारतींमध्ये ओढतात. मी ती ओढणार नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं, आणि जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेतून येणारा झटका राउटरसकट तिला जोडलेलं सगळं जाळू शकतो. फायबर टाका, त्यातून वीज वाहत नाही. तेवढं खणकाम नको असेल तर समोरासमोर दिसणाऱ्या दोन छतांवर वायरलेस ब्रिजची (हवेतून नेट पलीकडे पोचवणाऱ्या यंत्रांची) जोडी लावा. डिशचा खांब, तिची केबल जिथे घरात शिरते ती जागा आणि घराचं अर्थिंग हे मात्र एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपण इंटरनेटच्या वेगाची चौकशी वर्षभर करतो आणि अर्थिंग बघायचं राहून जातं.

बॅकअपबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं दुःख तिथे आहे.

आधी त्या बंद पडलेल्या डिस्कचं. ती अजून घरात असेल तर कृपा करून पुन्हापुन्हा जोडून बघू नका. कटकट आवाज येणं म्हणजे बहुधा आतला वाचणारा हात जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीये, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. फ्रीझरमध्ये ठेवा, हलकेच ठोका, असले उपाय करू नका. ती पुठ्ठ्यात गुंडाळून बाजूला ठेवा. डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. खर्च मोठा असतो आणि खात्री नसते. पण आत्ता पैसे नसले तरी वर्षभरानेही ती देता येते, मधल्या काळात कुणी हात लावला नसेल तर. मुलीचे फोटो गेलेच असं अजून ठरलेलं नाही.

आणि तुम्ही निष्काळजी होतात असं वाटत असेल, तर ते मनातून काढा. डिस्क आज ना उद्या जाते, ती यंत्राची वस्तू आहे. अडचण एवढीच झाली की फोटोंची प्रत एकच होती.

दिरांनी घाईघाईने जे बसवलं त्यामागची माया मला दिसते. पण ४०० जीबी ८ एमबीपीएसवर पाठवायचे तर रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता आणि अपलोड पूर्ण भरून साडेचार दिवसांहून जास्त लागतात. तुमची लाईन एवढी मोकळी कधीच नसते. शहाण्यासारखं रात्री ११ ते सकाळी ६ आणि तेही निम्म्या वेगाने पाठवलं, तर एका रात्रीत १२ ते १३ जीबी जातील, म्हणजे महिनाभर लागेल. लाईट जाणं, नवे फोटो येणं आणि प्लॅनमधली डेटाची मर्यादा धरली तर आणखी जास्त. हे बॅकअप अजून पुरं झालं नसेल असं मला वाटतं. ते नक्की तपासा, कारण घरात सगळे आता आपलं सगळं क्लाउडवर आहे असं समजून चालले असतील.

म्हणून मालाचे दोन ढीग करा. तुमच्या हिशेबाच्या फायली, कागदपत्रांच्या प्रती आणि सासऱ्यांचे रिपोर्ट मिळून चार-पाच जीबीसुद्धा होणार नाहीत, पण त्या रोज बदलतात आणि गेल्या तर काम थांबतं. हा ढीग रोज रात्री क्लाउडवर जाऊ द्या. पहिली खेप एका रात्रीत संपेल, नंतर रोज फक्त बदललेला भाग जाईल, काही मिनिटांत. फोटो आणि व्हिडिओंचा ढीग शंभरपट मोठा आहे, पण जुने फोटो बदलत नाहीत. तो रस्त्याने पाठवा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. दोन्हीवर सगळा ढीग उतरवा, एक घरी कपाटात ठेवा आणि दुसरी दिरांकडे जाऊ द्या. पुढच्या भेटीत अदलाबदल. शहरात त्यांच्याकडे चांगली लाईन असेल, तर त्याच डिस्कवरून ते तुमच्या खात्यात क्लाउडवर चढवूही शकतील. तुम्हाला महिना लागणारं काम तिथे एक-दोन दिवसांत होईल. दिरांना मदत करायचीच आहे, तर ही मदत खरोखर मोलाची आहे.

यातून तुमच्याकडे तीन प्रती होतात, निदान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि एक घराबाहेर. संगणकवाले याला ३-२-१ चा नियम म्हणतात. खेड्यातल्या घराला तो शहरापेक्षा जास्त लागू पडतो, कारण वीज पडली, आग लागली किंवा चोरी झाली तर संगणक आणि शेजारची डिस्क एकाच वेळी जातात. आणि उपग्रहाची लाईन असली काय नि नसली काय, या प्रती तिच्यावर अवलंबून नाहीत.

कपाटातली डिस्क काम झालं की केबल काढूनच ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कला संगणकाला होणारी प्रत्येक इजा होते, अगदी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचीही. कपाटात ठेवायला फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क घ्या; एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) विजेशिवाय फार काळ पडून राहिली तर आतला डेटा पुसट होऊ शकतो.

आणखी एक गैरसमज फार घरांत असतो. फोनवरचे फोटो क्लाउडवर आपोआप दिसतात, म्हणून ते सुरक्षित आहेत असं वाटतं. बऱ्याचदा ती नुसती जुळणी (सिंक) असते, दोन्हीकडे तेच ठेवणारी. तुम्ही इथे चुकून पुसलं की तिथूनही जातं, फार तर काही दिवस कचरापेटीत राहतं. बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहायला हव्यात, म्हणजे मंगळवारी बिघडलेली फाईल सोमवारच्या रूपात परत मिळते. तुमच्या क्लाउड सेवेत आवृत्त्यांची सोय आहे का आणि किती दिवसांची, ते बघून घ्या. थोडं शिकायची तयारी असेल तर रेस्टिक किंवा डुप्लिकाटी ही विनामूल्य साधनं फक्त बदललेला भाग पाठवतात, पाठवण्याआधी तो कुलूपबंद करतात आणि अपलोडच्या वेगाला लगाम घालू देतात. दुसऱ्यांचे हिशेब तुमच्याकडे आहेत, तेव्हा कुलूपबंद असणं तुमच्यासाठी ऐच्छिक नाही. त्याचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. ज्या संगणकाचं बॅकअप आहे त्यातच तो लिहून ठेवला तर संगणकाबरोबर तोही जाईल.

महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी फाईल आणि एक फोटो बॅकअपमधून परत काढून उघडून बघा. दिवे हिरवे दिसतायत म्हणजे बॅकअप आहे असं मी मानत नाही, फाईल उघडली की मानते.

लाईट जाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा तीच आहे. लाईट अर्धा सेकंद गेली तरी राउटर आणि डिश दोन्ही पुन्हा सुरुवातीपासून चालू होतात, आणि डिशला उपग्रह शोधून स्थिरावायला काही मिनिटं लागतात. दिवसात चार-पाच वेळा लाईट अशी लुकलुकली, तर तुमच्या नोंदीत ते इंटरनेट जाणं म्हणूनच दिसेल. घरात इन्व्हर्टर असेल तर डिश आणि राउटर त्यावर आहेत का ते बघा. बऱ्याच घरांत पंखे-दिवे असतात आणि डिशचा प्लग तेवढा बाहेर राहतो. इन्व्हर्टरवर यूपीएस अशी निवड असेल तर ती करा, म्हणजे बदल इतका झटपट होतो की यंत्रांना कळत नाही. नवा घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या.

किती वेळ पुरेल त्याचा हिशेब तुम्हाला सहज जमेल. अशी डिश साधारण ५० ते १०० वॅट घेते. ७५ धरा, राउटर वगैरेचे १५ मिळून ९०. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात. लेड-ॲसिड बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, तर ६०० उरले. इन्व्हर्टरमध्ये थोडी गळती होते ती वजा केली, की साडेपाच तासांच्या आसपास मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी बरीच जास्त रिकामी करता येते, म्हणून नऊ तासांपर्यंत जाते.

मेश संचाबद्दल माझं मत थोडक्यात सांगते. पहिल्या खिडकीतलं पिंग खराब आलं, तरच तो विषय काढायचा. तेव्हाही आधी राउटरपासून तुमच्या कामाच्या टेबलापर्यंत एक लॅन केबल ओढा. तुमच्या कॉलचा वायफायशी संबंधच संपेल. जाड दगडी भिंती आणि पत्र्याचं छप्पर वायफाय अडवतात, आणि मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्यावर वेग कमी होतो. डबे केबलने जोडले तर ते उत्तम चालतात, पण मग साधे ॲक्सेस पॉइंटही (केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारे डबे) तेच काम करतात. दुसरा राउटर लावलाच तर दोघांपैकी एकाला बायपास किंवा ॲक्सेस पॉइंट पद्धतीवर टाका. दोन राउटर एकामागे एक पूर्ण ताकदीने चालले की प्रिंटर सापडत नाही, कॅमेरा दिसत नाही, असले चक्रावून टाकणारे त्रास सुरू होतात.

पैसे घालायचेच तर अपलोडची रांग शिस्तीत लावणारा राउटर घ्या. काहींत ही सोय एसक्यूएम या नावाने असते, आणि ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती विनामूल्य बसवता येते. तुमचा अपलोड साधारण ज्या पातळीच्या खाली जात नाही, तिथून थोडा कमी आकडा त्यात भरायचा. तुम्हाला ८ दिसतात. मी ६ पासून सुरुवात करून कॉल लावून बघितलं असतं. वेग थोडा सोडावा लागतो, पण आवाजाची पाकिटं फोटोंच्या मागे अडकत नाहीत.

उपग्रहाचं दुसरं कनेक्शन मी घेणार नाही. मुसळधार पावसात दोन्ही डिश एकाच वेळी बंद पडतील. आधाराची लाईन वेगळ्या वाटेने आलेली हवी, आणि गच्चीवर रेंज आहे म्हणजे ती वाट तुमच्याकडे आहे. सिम घालून चालणारा, बाहेर बसवायचा फोरजी राउटर गच्चीवर टॉवरच्या दिशेने लावा आणि त्याची लॅन केबल खाली आणा. नुसता ॲन्टेना वर आणि राउटर खाली असं केलंत तर लांब केबलमध्येच सिग्नल मरतो. घरातल्या राउटरला दोन लाईन घेण्याची सोय असावी, आणि दुसरी लाईन पहिली गेल्यावरच लागेल असं ठरवून द्यावं. दोन्ही एकत्र वाटून वापरायची सेटिंग मोहात पाडते, पण तिच्यात तुमचा पत्ता सतत बदलतो आणि बँकांची संकेतस्थळं मधेच बाहेर काढतात. पहिली लाईन जिवंत आहे की नाही हे राउटरने बाहेरच्या पत्त्यावर पिंग करून ठरवावं. डिश आणि राउटर जोडलेले असले, तर केबलवरचा दिवा लाईन मेलेली असतानाही जळत राहतो. आणि क्लाउड बॅकअपला मोबाईलच्या लाईनवर बंदी घाला, नाहीतर एका पावसाळी रात्रीत सगळा डेटा फोटोंमध्ये जाईल.

सासऱ्यांच्या डॉक्टरांच्या भेटीसाठी एवढं सगळं होईपर्यंत थांबू नका. त्या वेळी कॅमेरे आणि बॅकअप बंद ठेवा, आणि चित्र अडखळायला लागलं की व्हिडिओ बंद करून नुसतं बोला. आवाजाला १०० केबीपीएसच्या आसपासच लागतात, तेवढं खराब लाईनवरही निभतं. तुमच्या फोनवर आणि सिमवर वायफाय कॉलिंगची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे घरात रेंज नसतानाही साधे फोन येतील. तातडीच्या वेळेसाठी मात्र गच्चीवरच्या कोणत्या कोपऱ्यात रेंज हमखास मिळते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या आणि एक चार्ज केलेला साधा फोन ठरलेल्या जागी ठेवा. रात्री दोन वाजता डिश, राउटर आणि इन्व्हर्टर तिघं एकदम ठीक असतील असं मी कुणालाही सांगणार नाही.

राहिला शहरात परत जायचा प्रश्न. ह्यांच्याशी वाद घालू नका, पिंगच्या त्या दोन खिडक्या त्यांना शेजारी बसवून दाखवा. मग आठ दिवस कॅमेरे शेडमध्येच साठवतील, मोठा ढीग थांबलेला असेल, लहान ढीग रात्री जाईल आणि डिश-राउटर इन्व्हर्टरवर असतील, एवढंच करा. यात नवीन खरेदी जवळजवळ नाही. कॉल तुटला की वेळ लिहा आणि शेजारी तीन गोष्टींची नोंद करा: लाईट गेली होती का, पाऊस होता का, अपलोडवर दुसरं काही चालू होतं का. आठ दिवसांनी तिन्ही रकान्यांत नाही असलेल्या ओळी जास्त निघाल्या, तर तो कागद आणि अडथळ्यांच्या नकाशाचा फोटो घेऊन सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा. डिश किंवा तिची केबल सदोष असू शकते, आणि नुसतं नेट चालत नाही असं कळवण्यापेक्षा अशा नोंदीला लवकर उत्तर मिळतं. त्यानंतरही लाईन सुधारली नाही, तर घर बदलायचं की नाही यावर दोघं बसून बोला. मला त्या आठ दिवसांच्या नोंदी पाठवल्यात तर पुढचं मी त्या बघून लिहीन.